आठवा गडी

मुलांनो, कबड्डीच्या संघात गडी किती? "सात!" हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. आता समजा, तुमचा सात जणांचा संघ छान जमलेला आहे आणि एके दिवशी वर्गात एक नवा मुलगा येतो. तो तुम्हा सगळ्यांपेक्षा सरस खेळतो. मग काय कराल? "त्यात काय बाई, त्याला घ्यायचं संघात!" असंच म्हणाल ना? मीही तसंच म्हटलं होतं. आणि तिथंच माझी चूक झाली. त्या चुकीचीच ही गोष्ट.

आमची शाळा मालवणच्या किनाऱ्याला. जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात शिकवताना लाटांपेक्षा मोठा आवाज काढावा लागतो. पटसंख्या बेताची, मैदान तांबड्या मातीचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माड. नारळ पडायचा धोका असलेलं कबड्डीचं मैदान तुम्ही पाहिलं नसेल, आमचं होतं!

मुलांची नावं मी सांगणार नाही. ती आता मोठी झाली आहेत, एकाला तर मिशी फुटली आहे, तो लाजेल. आपण त्यांना मैदानावरच्या जागेवरूनच ओळखू या. आमचा कॅप्टन चढाई करायचा. त्याचा पाय लांब, म्हणून बोनस रेषेला पाय लावून यायचं काम त्याचं. डावा कोपरा म्हणजे रापणकरांचा मुलगा, मनगट लोखंडाचं. आणि उजवा कोपरा म्हणजे संघातला सगळ्यात लहान, सगळ्यात गप्प मुलगा. तो कधी उडी मारून, ओरडून पकड करत नसे. चढाईवाला परत फिरला की हा खाली बसून हळूच घोटा धरी आणि सोडतच नसे.

२०१८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला. घाटावरचा. वडील चिऱ्याच्या खाणीवर कामाला, म्हणून सगळं बिऱ्हाड इकडे आलेलं. आल्या आल्या मधल्या सुट्टीत त्यानं एक चढाई केली. चार जणांना हात लावला आणि मध्यरेषेवर येऊन उभा राहिला. दमसुद्धा लागला नव्हता. मी व्हरांड्यातून बघत होते. मनात म्हटलं, यंदा तालुक्याची ढाल आपलीच!

दुसऱ्याच दिवशी मी त्याला संघात घेतलं. पण जागा सातच, मग एकाला बसवायला हवं. मी उजव्या कोपऱ्याला बसवलं. लहान आहे, गप्प आहे, काही बोलणार नाही, असं वाटलं. खरंच तो काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सरावाला आला नाही.

आठवड्यानं शेजारच्या शाळेशी मैत्रीचा सामना झाला. आम्ही हरलो, आणि तेही नऊ गुणांनी! नव्या मुलानं गुण मिळवले नाहीत का? मिळवले की, भरपूर मिळवले. पण प्रत्येक चढाईला तोच जायचा. तीन वेळा गुण आणायचा, चौथ्या वेळी पकडला जायचा. तो बाहेर बसला की आमचे बाकीचे सहा जण एकमेकांकडे बघत राहायचे. आणि पकडीच्या वेळी उजव्या बाजूनं समोरचे गडी आपल्याच घरात आल्यासारखे येऊन जात होते.

घरी निघताना डावा कोपरा माझ्याकडे आला. रागानं लाल झाला होता. म्हणाला, "बाई, तो बरो खेळता. पण तो एकटोच खेळतलो, तर आमी सात जण कशाक?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मला माझं डी.एड.चं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा मी कॉलेजच्या मुलींच्या संघात होते. होते म्हणजे काय, राखीव! वर्षभर मी सगळ्यांच्या चपला सांभाळल्या आणि पाण्याची बाटली नेली. मला कुणी वाईट बोललं नाही. पण "तू इथं उभी राहा, तुझं काम हे आहे" असंही कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी एका ताईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तू माझ्या साखळीत ये. मी पाय धरला की तू कमरेवर ये. बाकी काही करू नकोस." एवढं एकच वाक्य, पण त्या दिवशी मी खरी संघात आले. हे सगळं माहीत असताना मी उजव्या कोपऱ्याला काय दिलं? चपला सांभाळायचं काम! आणि नव्याला तरी काय दिलं? नुसतं "जा आणि गुण आण" एवढंच.

आता थोडं टीव्हीतल्या कबड्डीकडे वळू. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून आमच्या वाडीत संध्याकाळी मालिकांची पंचाईतच झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात सहावा हंगाम सुरू झाला. त्यात यू मुंबाच्या संघात एक नवा चढाईपटू आला होता, सिद्धार्थ देसाई. हा कुठला, माहीत आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. आमच्या दोडामार्गाहून तिलारीचा घाट चढलं की चंदगड तालुका लागतो. म्हणजे जवळजवळ शेजारीच! त्याचा पहिला सामना पुणेरी पलटणशी झाला, ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि पहिल्याच दिवशी या पठ्ठ्यानं दहाच्या वर गुण मिळवले. त्या हंगामात २१ सामन्यांत त्याचे चढाईचे २१८ गुण झाले. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले.

आमचा नवा मुलगा त्याच्यावर फिदा होता. "बाई, मी सिद्धार्थ देसाई होणार." मी म्हटलं, "हो की! पण तो काय काय करतो, ते आधी नीट बघू."

मी उजव्या कोपऱ्याच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर त्याला म्हटलं, "माझं चुकलं. तुला न विचारता बसवलं." तो नखानं जमीन उकरत राहिला. मग मी त्याला एक वही दिली. "तुझी नजर बारीक आहे. यू मुंबाचे सामने बघ आणि यात लिही. गुण लिहू नकोस, ते टीव्हीवर दिसतातच. चढाईला कोण गेला, आणि सिद्धार्थ बाद झाल्यावर त्याला परत कुणी आणला, एवढंच लिही."

त्या वहीनं आम्हा सगळ्यांना शिकवलं.

पहिली गोष्ट अशी दिसली की सिद्धार्थ दर चढाईला जात नाही. मध्ये दुसरे जातात. कुणी नुसता निदानरेषा ओलांडून परत येतो, कुणी बोनस घेऊन येतो. प्रो कबड्डीत एक नियम आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद. आता ही अवघड तिसरी चढाई कुणी करायची, हे आधीच ठरलेलं असतं. म्हणजे कुणी कधी जायचं आणि कुणी थांबायचं, याचा हिशोब असतो.

दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. चढाईवाला बाद झाला की तो बाहेर बसतो. तो आपल्या बळावर आत येऊ शकत नाही! त्याच्या संघानं गडी बाद केला, तरच बाहेर बसलेला जिवंत होतो, आणि तोही ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. यू मुंबाचा कॅप्टन होता इराणचा फजल अत्राचली. त्याची जागा डावा कोपरा. त्या हंगामात त्यानं पकडींचे ८३ गुण मिळवले. म्हणजे सिद्धार्थच्या २१८ गुणांमागे फजलचं आणि बाकीच्या बचावाचं मनगट होतं. गंमत बघा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं भारताला उपान्त्य फेरीत हरवलं होतं. आपल्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या इराणचा गडी कॅप्टन, आणि चंदगडचा मुलगा त्याच्या भरवशावर चढाई करतोय! भाषा वेगळी, देश वेगळा, पण साखळी एकच.

वही वाचून दाखवताना उजवा कोपरा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "बाई, ह्येका भायर बसल्यावर कोणतरी आत हाडता."

नवा मुलगा मान खाली घालून ऐकत होता.

पण ऐकणं वेगळं आणि अंगी येणं वेगळं. मी त्याला डाव्या कोपऱ्याशेजारी उभं केलं. पकडीच्या वेळी दोघांनी हात धरून साखळी करायची. तो लगेच म्हणाला, "बाई, मला कशाला धराय लावताय? मी चढाई करतो की." डावा कोपरा तर त्याचा हात धरायलाच तयार नव्हता. दोघांनी बोटाची टोकं तेवढी एकमेकांना लावली. साखळी कसली, दोरा!

मग एका रविवारी रापण होती. रापण म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या मुलांना सांगायला नको, पण घाटावरच्या दोस्तांसाठी सांगते. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत नेतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि सगळे मिळून ओढतात. डाव्या कोपऱ्याच्या आजोबांची रापण, त्यामुळे सगळी मुलं हजर. नवाही आला. समुद्रात ओढलेलं जाळं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. दोर हातात आल्यावर त्यानं अंगातली सगळी ताकद लावली. मागं झुकला, टाचा वाळूत रोवल्या आणि लागला खेचायला. दोन मिनिटांत तळहात सोलले.

आजोबा आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झिला, दोरी ओढू नको. दोरयेवांगडा चल."

म्हणजे दोराबरोबर चाल. रापणीत एकट्यानं जोर लावून उपयोग नसतो. एक बाजू पुढं गेली आणि दुसरी मागं राहिली, तर जाळ्याचं तोंड तिरकं होतं आणि मासे निघून जातात. नव्या माणसाला कुणी होडीत चढवून जाळं सोडायला लावत नाही. तो आधी दोराच्या शेपटाकडे उभा राहतो. पुढच्याची पावलं बघतो. मग हळूहळू पुढं सरकतो. पण वाटा मात्र त्यालाही मिळतो! त्या दिवशी नव्याच्या वाट्याला पाच बांगडे आले. ते त्यानं दोन्ही हातांत असे धरले होते, जणू ढालच.

परत येताना तो माझ्याबरोबर चालत होता. मी सहज विचारलं, "तू प्रत्येक चढाईला का रे धावतोस?" थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, आमची दरसाल शाळा बदलती. ओळख होतीया तवर निघायची वेळ येती. पहिल्या दिवशीच काहीतरी करून नाय दाखवलं, तर कोण विचारतंय?"

मुलांनो, मला चटकन पुढं बोलता येईना. मी त्याला हावरा समजत होते. आणि तो घाईत होता, कारण त्याच्याकडे वेळच नव्हता.

सोमवारी मी आठही जणांना माडाखाली बसवलं. काम वाटून दिलं. उजवा कोपरा परत त्याच्या जागी आला. बोनस कॅप्टनचा. पहिली चढाई नव्याची नाही. आधी दोघांनी जाऊन समोरचे गडी कुठं उभे राहतात ते बघून यायचं, त्याला सांगायचं, आणि मग त्यानं जायचं. पकडीत तो डाव्या कोपऱ्याच्या साखळीत. मग बाहेर कोण बसणार? उजवा मध्यरक्षक आणि तिसरा चढाईवाला या दोघांनी एक जागा अर्धी अर्धी वाटून घेतली. कुणाला बसवायचं हे या वेळी मी ठरवलं नाही, त्यांनी ठरवलं. आणि डाव्या कोपऱ्यानं, आजोबांच्या आवाजात, नव्याला फर्मावलं, "हात नीट धर. आमी काय तुका खातलंव नाय!"

केंद्राच्या स्पर्धा आम्ही जिंकलो. तालुक्याला उपान्त्य सामन्यात गाठ पडली ती एका तगड्या संघाशी. शेवटचा मिनिट. आम्ही दोन गुणांनी मागं, नवा बाद होऊन बाहेर बसलेला आणि चढाई त्यांची. त्यांचा गडी आत आला, हात मारून परत फिरला, आणि आमच्या उजव्या कोपऱ्यानं खाली बसून हळूच त्याचा घोटा धरला. नेहमीसारखा. डावा कोपरा धावत येऊन कमरेवर पडला. पकड! एक गुण मिळाला आणि नवा जिवंत झाला.

आता शेवटची चढाई आमची. एका गुणानं मागं. सगळे ओरडत होते, "नव्याक धाडा! नव्याक धाडा!" मीसुद्धा मनात तेच म्हणत होते, खरं सांगते. नवा मध्यरेषेपर्यंत गेला. त्यानं समोर बघितलं, गडी मोजले. सहा. बोनस मिळायला समोर निदान सहा गडी असावे लागतात, तुम्हाला ठाऊक आहेच. तो वळला आणि कॅप्टनला म्हणाला, "सहा हायत. बोनस तुझा. तू जा."

कॅप्टन गेला. त्याचा लांब पाय बोनस रेषेपलीकडे पडला आणि पंचांचा हात वर झाला. बरोबरी!

मग पाच-पाच चढाया झाल्या आणि त्यात आम्ही एका गुणानं हरलो. हो, हरलो. गोष्ट जिंकण्याची असती तर मला लिहायला सोपी गेली असती. पण परतीच्या टेम्पोत कुणी रडलं नाही. उजव्या कोपऱ्याची वही हातोहात फिरत होती आणि नवा डाव्या कोपऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता.

मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, खाणीचं काम थांबलं आणि त्याचं बिऱ्हाड घाटावर परत गेलं. जाताना सगळा संघ एसटीपर्यंत आला होता. ओळख होईपर्यंत निघायची वेळ आली, हे खरं. पण या वेळी ओळख झाली होती.

नंतर एक-दोन गोष्टी घडल्या, त्या सांगायलाच हव्यात. सातव्या हंगामात सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतलं. त्यानं तिथंही दोनशेच्या वर गुण केले. तरी टायटन्स तळाच्या संघांत राहिले, आणि यू मुंबा मात्र त्याच्याशिवाय उपान्त्य फेरीत गेला! आठव्या हंगामात त्याचा खांदा दुखावला, त्याला बाहेर बसावं लागलं, आणि टायटन्सना २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. कारणं बरीच असतील. पण एका गड्याच्या खांद्यावर अख्खा संघ बसवला की काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या फुटबॉलचं त्याला वेड. तो फुटबॉल म्हणजे पायाचा कमी आणि हाताचा जास्त! एक जण लांब चेंडू फेकतो आणि दुसरा धावत जाऊन तो झेलतो. भाच्यानं सांगितलं, २०२० साली मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात जस्टिन जेफरसन नावाचा नवा झेलणारा आला. पहिले दोन सामने त्याला सुरुवातीच्या गड्यांत घेतलंच नाही. तिसऱ्या सामन्यात घेतलं, तर त्यानं १७५ यार्डांची मजल मारली, आणि हंगामअखेर १४०० यार्ड! तिकडे कोण कुठल्या पावलाला वळणार, हे आधी पाठ करावं लागतं. फेकणारा चेंडू सोडतो तेव्हा झेलणारा अजून तिथं पोचलेलाही नसतो. तो पोचेल, या भरवशावरच चेंडू सुटतो. मला रापणीचे आजोबाच आठवले. दोरयेवांगडा चल.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी फोन वाजला. आवाज जाड झालेला, ओळखला नाही. "बाई, मी. घाटावरचा." तो आता कॉलेजात आहे, कॉलेजच्या संघातही आहे. मी विचारलं, "काय रे, झालास का सिद्धार्थ देसाई?" तो हसला. "न्हाय बाई. डावा मध्यरक्षक खेळतो. आमच्यात एक नवीन पोरगं आलंय, भारी चढाई करतंय. पकडलं गेलं की त्याला आत आणाय कोणतरी पायजे की!"

मुलांनो, जूनमध्ये शाळा सुरू होईल. तुमच्या वर्गातही कुणी नवा, कुणी नवी येईल. कदाचित ती खेळात तुमच्या पुढं असेल, कदाचित गप्प गप्प एका कोपऱ्यात बसेल. तिला संघात घ्याल ना? मग नुसतं नाव लिहू नका. कुठं उभं राहायचं ते सांगा. आणि हात द्या, बोटाची टोकं नव्हेत, पुरता हात.